दुष्काळातली काटकसर

“जेथे प्यायला पाणी नाही, तेथे तमाशाला पैसे कशाला?” मराठवाड्यात हा प्रश्न टाकला की समोरचा माणूस खाली मान घालतो, असा विचारणाऱ्यांचा अनुभव आहे. आम्ही मान खाली घालणार नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले, ते आम्हीही विसरलेलो नाही. पण या प्रश्नात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते. ढोलकीवाला, गोंधळी, वासुदेव हे जणू दुष्काळाच्या हद्दीबाहेर राहतात!

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगाव आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, गुरे यांचा बाजार, फडांचे तंबू आणि नांदेड जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव, असा तो सोहळा. आता हिशेब पाहा. सोयाबीन हाती आले तर शेतकरी जनावर घेतो, तंबूचे तिकीट काढतो, घरी जागरण-गोंधळ घालतो. पीक बुडाले तर जागरण पुढच्या साली. कलावंताचे पीक शेतकऱ्याच्या पिकामागून येते आणि त्याच्याआधी बुडते. त्याचा पंचनामा करावयास मात्र तलाठी येत नाही. म्हणजे ज्या वर्षी सरकार काटकसर म्हणून कलेचा पैसा आखडते, नेमके त्याच वर्षी गावानेही आपला हात आखडलेला असतो.

२०२० साली हेच झाले. मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिलला संपली, आणि चारच दिवसांनी, ४ मे रोजी, खात्यांनी मंजूर तरतुदीच्या ३३ टक्क्यांतच भागवावे असा वित्त विभागाचा निर्णय निघाला. साथ होती, तिजोरी रिकामी होती, हे आम्हाला मान्य आहे. आरोग्य आणि अन्नपुरवठा यांना अग्रक्रम दिला, तोही योग्यच. पण यात्रा बंद, लग्ने बंद, सुपाऱ्या बंद. आणि कलावंताला एकदाच पाच हजार रुपये द्यावयाचे ठरले ते २०२१ च्या ऑगस्टात. तोवर त्याने काय विकले असेल, ते माळेगावच्या बाजारात विचारावे.

वृद्ध कलावंतांचे मानधन ही जुनी, चांगली योजना आहे. जिल्हा पातळीवरच्या कलावंताला २०२४ पर्यंत महिना २२५० रुपये मिळत. ते पाच हजार झाले, याबद्दल सरकारचे अभिनंदन. नव्या शंभर कलावंतांना वर्षभर द्यावयाचे तर एका जिल्ह्यात साठ लाख लागतात. एवढ्यात रस्त्याचा किती तुकडा होतो, हे कंत्राटदार आमच्यापेक्षा चांगले सांगतील.

आता वाचनालये. त्यांच्यासंबंधी निराळा उपदेश ऐकू येतो: लोकांनी वर्गणी काढावी, सरकारकडे हात पसरू नये. हे मराठवाड्याला सांगावे म्हणजे कमालच झाली! कोल्हापूरला शाहू महाराज लाभले, बडोद्याला सयाजीराव. आमच्यावर राज्य होते निजामाचे. राज्यकारभार उर्दूत, आणि १९२९ च्या ५३ क्रमांकाच्या गश्तीने सभा भरवावयाची तरी परवानगी हवी. त्या अमलात परभणीचे गणेश वाचनालय १९०१ साली उभे राहिले. वर्गणीचे धडे आम्हाला नकोत; ते आमच्या आज्यांनी गिरवलेले आहेत. पुढे राज्य आपले झाले, आणि राज्याने स्वतः होऊन ही जबाबदारी उचलली. १९५५ साली हैदराबाद राज्याने ग्रंथालयांचा कायदा केला, १९६७ साली महाराष्ट्राने. महाराष्ट्राने ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवला नाही. खर्च शासनाच्या निधीतून करावयाचे पत्करले. पत्करलेले देणे अंगावर आले की त्याला उपकार म्हणावयाचे, ही कोणती रीत?

आणि उपकार तरी केवढा! खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला तीस हजार मिळत; २०२२ साली साठ टक्के वाढ झाली, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. त्यातले निम्मे पगाराचे धरले तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिना दोन हजार, दिवसाला सहासष्ट रुपये. २०२४-२५ साली रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्याला दिवसाला २९७ रुपये होते. ग्रंथपालाचे काम पूर्ण दिवसाचे नसते, हे खरे. म्हणून काय त्याला चौथाई भूक लागते?

काही वाचनालये कागदावरच आहेत, हा आक्षेप मात्र खोटा नाही. कुलूप लावून अनुदान उचलणाऱ्यांची आम्ही कड घेणार नाही. त्यांनी खऱ्या वाचनालयांचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही अर्थमंत्र्याने केले नसेल. २०१२ साली महसूल खात्याने पडताळणी केली, तीही हवीच होती. पण त्यापायी नव्या मान्यता कित्येक वर्षे थांबल्या, आणि चोराबरोबर शेजाऱ्यालाही दंड झाला.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. दुष्काळ जाहीर होईल त्या वर्षी यात्रेतल्या कलावंतांचा पैसा कापू नये, आधी द्यावा. मानधन महिन्याच्या महिन्याला पोचावे. सत्तरीच्या माणसाला थकबाकी कसली देता? वाचनालयाचा हप्ता मार्चअखेरीची वाट न पाहता निघावा. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी दुपारी बारा वाजता न येता दिवेलागणीला यावे, पोरे शेतातून परतल्यावर. दिवा लागलेला असेलच असे नाही; विजेचे बिलही त्याच अठ्ठेचाळीस हजारांतून भरावयाचे आहे.