मासा मेला नाही, म्हणून पाणी निर्मळ?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने सास्तूरचे नाव सर्वदूर पोहोचले. ती आपत्ती डोळ्यांना दिसली, म्हणून साहाय्याचे हजारो हात धावून आले. परंतु काही आपत्ती दिसतच नाहीत. तेरणेच्या खोऱ्यात सोयाबीन, तूर, ऊस यांवर फवारलेल्या कीटकनाशकांचा अंश पावसाबरोबर ओढ्यांत आणि तेथून नदीत उतरतो. मासे तरंगताना दिसले, तरच गाव हळहळते. एरवी पाणी निर्मळच समजले जाते.

हा समज घातक आहे. माशाचे नाक श्वासासाठी नसून केवळ गंधासाठी असते. नाकपुडीत शिरणारे पाणी गंधपेशींना थेट भिडते. मांगूर, शिंगाळा यांच्या मिशांवरही रुचिकलिका असतात. भक्ष्य, जोडीदार आणि शत्रू यांची वार्ता गढूळ पाण्यात मासा याच इंद्रियांनी जाणतो. जखमी माशाच्या त्वचेतून स्रवणारे द्रव्य कळपाला सावध करते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्येच दाखविले होते.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सामन माशांना डायझिनॉन या कीटकनाशकाच्या पाण्यात ठेवले गेले. प्रमाण होते दहा लाख लिटरला अवघा एक ग्रॅम! माशांचे पोहणे सुरळीत होते. मात्र धोक्याच्या गंधाला त्यांनी पूर्वीसारखी दाद दिली नाही. असा मासा विषाने मरत नाही, तो शत्रूच्या तोंडी जातो. बुरशीनाशकांतील तांबेही अत्यल्प प्रमाणात माशांची घ्राणशक्ती बोथट करते.

तरीही विषारीपणाची प्रचलित कसोटी ९६ तासांत किती मासे मेले, एवढेच मोजते. डब्यावरचा रंगीत त्रिकोण तर माशांविषयी काहीच सांगत नाही. ही कसोटी बदललीच पाहिजे. अन्यथा माकणीच्या जलाशयासारख्या पाण्यावर पोट असणाऱ्यांचे जाळे का रिते झाले, याचे उत्तर कधीच मिळणार नाही.

यात शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. पीक वाचविणे त्याला भागच आहे. परंतु फवारणी पंप ओढ्यात न धुणे, पावसाच्या तोंडावर न फवारणे, काठावर गवताचा पट्टा राखणे, कामगंध सापळे लावणे, एवढे तर गावागावांत होऊ शकते. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. मासे तरंगू लागतील तेव्हाच जागे होणारा समाज फार उशिरा जागा झालेला असेल.