टाळू शिवली, दातांच्या कमानीचं काय?

मराठीत टाळू दोन. एक डोक्यावरची, आजी जिच्यावर तेल जिरवते ती. दुसरी तोंडाचं छत. बीडच्या एखाद्या तांड्यावर डॉक्टर ‘टाळू फाटलीय’ म्हणाले आणि आईचा हात आधी बाळाच्या डोक्यावर गेला, तर नवल नाही. फाटलेला ओठ गावभर दिसतो. आतली फट कळते ती पाजलेलं दूध नाकावाटे परत आल्यावर. मग गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतल्याचा ठपकाही आईवरच.

ऑपरेशनच्या पैशाचा घोर आता पूर्वीइतका नाही. अंगणवाडी-शाळांत फिरणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत २०१३ पासून ही व्याधी आहे. बीडच्या अंबाजोगाईपासून जवळच्या लातुरात डॉ. विठ्ठल लहाने ‘स्माइल ट्रेन’ संस्थेच्या मदतीने मोफत ऑपरेशनं करत आले आहेत.

अडतं ते पुढे.

टाळूची फट कापडासारखी ओढून शिवता येत नाही. हाडावरचं आवरण सोडवून दोन्हीकडून मधे सरकवावं लागतं. १८६१ साली बर्लिनच्या लांगेनबेक यांनी ही वाट दाखवली. विसाव्या शतकात ‘पुशबॅक’ पद्धत आली: बोलणं नाकातून येऊ नये म्हणून आवरण घशाकडे मागे ढकलायचं. त्यात दातांलगतचं हाड उघडं पडतं. ही जागा व्रणाने भरते आणि चुलीचा चटका बसलेली कातडी आखडावी तसा तो व्रण आखडतो. दात आत ओढले जातात. घोड्याच्या नालेसारखी रुंद हवी ती वरची कमान चिमटते, वरचे दात खालच्यांच्या आत बसतात, चेहऱ्याचा मधला भाग मागे राहतो. अमेरिकेच्या फर्लो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘झेड’ आकाराची जोडशिलाई मऊ टाळूचे स्नायू जुळवते आणि उघडं हाड कमी ठेवते. अर्थात सगळं पद्धतीवर ढकलणंही चूक. फट किती रुंद आणि हात कुणाचा, यावरही बरंच ठरतं.

मग शिवलीच नाही तर? १९८४ पासून श्रीलंकेतल्या गॉलमध्ये ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिस्ट मायकल मार्स यांच्या चमूने ऑपरेशन न झालेली मोठी माणसं तपासली. त्यांचे वरचे जबडे बऱ्यापैकी नीट वाढले होते; बोलणं बिघडलेलं होतं. जर्मनीतल्या श्वेकेनडीक यांनी कठीण टाळू मुद्दाम वर्षानुवर्षे उघडी ठेवली. जबडा साधला, उच्चार हुकले. म्हणून बोलणं आधी हे खरं, पण कमानीचा हिशेब त्यामुळे माफ होत नाही.

तो हिशेब लागतो आठव्या-दहाव्या वर्षी, सुळा यायच्या सुमाराला. हिरडीच्या फटीत कमरेचं हाड भरायची वेळही तीच. नेमकं तेव्हा ऊसतोड्याचं पोर आईबापाच्या कोयत्यामागे सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत असतं. हिवाळ्यातली तारीख दिली, तर ती मुकादमाच्या उचलीपुढे टिकत नाही.

शिबिरात किती ओठ-टाळू शिवल्या, याचे आकडे झळकतात. पाच-दहा वर्षांनी दात कसे बसले, हे जिल्ह्याने मोजायला हवं. मार्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी साध्या प्लास्टरच्या ठशांवर चालते. ठसे घ्यायला टोळ्या परतल्यावरचा मे महिना मोकळा आहे. आणि दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘टाळू शिवली’ न लिहिता कोणत्या पद्धतीने, हेही लिहावं. दहा वर्षांनी ते पोर दुसऱ्याच डॉक्टरच्या खुर्चीत बसलेलं असेल.