पोट कोणाचे, विश्रांती कोणाची?

मागील महिन्यात नौपाड्यातील आमच्या अभ्यासवर्गात महागाईवरील चर्चा ऐन रंगात आली असताना एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, "कसली महागाई? आपल्याच नौपाड्यातल्या बायका सुटलेले पोट शिवून घेण्यासाठी लाख-दोन लाख रुपये मोजतात!" सभेत हशा पिकला. मीही हसले. घरी परतताना मात्र ते हसू घशाशी अडकले, कारण ज्या बायकांविषयी तो बोलत होता त्यांतील एकीला मी ओळखत होते. प्रस्तुत लेख हे त्या हसण्याचे प्रायश्चित्त आहे, आणि असल्या हशाला पुरोगामी विचार समजणाऱ्या आपल्या साथींशी भांडणही आहे.

ती माझी माजी विद्यार्थिनी. बँकेत नोकरी, ठाणे ते मुंबई रोजचा लोकलचा प्रवास, दोन मुले. दुसरे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. गरोदरपणात पोटाच्या मध्यरेषेवरील स्नायूंचे दोन पट्टे एकमेकांपासून दूर सरतात. अनेक जणींच्या बाबतीत पुढील काही महिन्यांत ते बरेचसे जवळ येतात. हिच्या बाबतीत ते आले नाहीत. बेंबीपाशी लहानसा हर्निया, उभे राहिले की कंबरेत कळ, आणि महिलांच्या डब्यात कोणी भली बाई उठून जागा देत विचारी, "कितवा महिना?" वर्षभर तिने नियमाने व्यायाम केला. थोडे बरे वाटले, पुरेसे नाही. चार वर्षांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मला सुंदर दिसायचे आहे म्हटले तर लोक हसतात. पाठ दुखते म्हटले तर सगळ्याच आयांची दुखते म्हणतात. मी करू का हे?"

मी अर्थशास्त्र शिकवले. शरीरशास्त्र मला येत नाही. म्हणून प्रथम एवढेच सांगितले की, घाई करू नकोस. प्लॅस्टिक सर्जरीची एम.सीएच. पदवी असलेल्या डॉक्टरकडेच जा. भूल देण्याची व अडीअडचणीस अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच जा. तिने स्वतः जे समजून घेतले ते येथे नोंदवते, कारण आपल्या बैठकांत या गोष्टी कोणी बोलत नाही. कंबरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ओटीपोटावर आडवा छेद घेतात, दूर सरलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, जादा कातडी व चरबी काढतात, बेंबी नव्या जागी बसवतात. हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे. पुढे मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी, असाच सल्ला डॉक्टर देतात. जखमेत पाणी साचणे, जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे धोके खरे आहेत. व्रण जन्मभर राहतो. हे सारे जाणून तिने निर्णय घेतला. तो निर्णय उथळ होता असे म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मी तिला भेटावयास गेले तेव्हा ती वाकून चालत होती. पोटाला घट्ट पट्टा, कातडीखालून बाहेर काढलेल्या दोन नळ्या, त्यांत साचणारे पाणी मोजून लिहिलेली वही. पाठीखाली उशांचा ढीग आणि गुडघ्यांखाली आणखी एक उशी, तेव्हा कुठे झोप. खोकला आला की उशी पोटाशी दाबायची. गुठळी होऊ नये म्हणून दिवसातून अनेकदा घरातल्या घरात चालायचे, पण पाण्याची बादली उचलायची नाही आणि धाकटीला कडेवर घ्यायचे नाही. ती चार वर्षांची पोर पलंगाच्या कडेला उभी राहून विचारी, "आई, तू मला कधी उचलणार?" सहा आठवडे हे चालले. डोंबिवलीहून तिची आई येऊन राहिली. स्वयंपाकाला बाई लावली. नवऱ्याने, मला वाटते विवाहानंतर प्रथमच, मुलांचे डबे भरले.

सहा आठवडे! हा आकडा माझ्या मनात घोळत राहिला. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना सांगितला आहे. शेकशेगडी, पोटाला बांधलेला सुती पट्टा, डिंकाचे व अळिवाचे लाडू, जड काम नाही. त्या प्रथेचे मी गोडवे गात नाही. ती विटाळाच्या कल्पनेत गुंडाळलेली होती, आणि खाऊनपिऊन सुखी घरांपलीकडे ती फारशी कधी पोचलीच नाही. शेतमजूर बाई आठव्या-दहाव्या दिवशी बांधावर उभी असे. तथापि बाळंत झालेल्या शरीराला विश्रांती लागते आणि ती इतरांनी द्यावयाची असते, एवढे तरी त्या प्रथेने मान्य केले होते. माझ्या विद्यार्थिनीला तो सव्वा महिना बाळंतपणात धड मिळाला नाही. तिने तो चार वर्षांनी विकत घेतला, आणि तो मिळावा म्हणून तिला पोट कापून घ्यावे लागले. साधे अंथरुणावर पडून राहिली असती तर कोणी पडू दिले असते काय?

आता 'चैन' या शब्दाकडे येते. तो शब्द आमच्या कार्यकर्त्याने उच्चारला खरा, पण तो मूळचा सरकारचा आणि विमा कंपन्यांचा आहे. वैद्यकीय सेवेला वस्तू व सेवा करातून सूट आहे. प्लॅस्टिक सर्जरीला ती नाही. अपवाद आहेत ते जन्मजात व्यंग, वाढीतील विकृती, इजा आणि आघात यांनी बिघडलेल्या शरीराच्या दुरुस्तीचे. बाळंतपणाचा त्यात उल्लेख नाही. विम्याच्या प्रमाणित अटींतही अपघात, भाजणे व कर्करोग यांनंतरची पुनर्रचना बसते. याखेरीज 'वैद्यकीय गरज' सिद्ध करावी लागते. म्हणजे बेंबीचा हर्निया हा आजार, आणि त्याच्याच वर-खाली फाकलेले स्नायू शिवणे हे बहुधा सौंदर्यप्रसाधन! कारखान्यातील यंत्र झिजले तर मालकाला करआकारणीत घसारा मिळतो, कारण यंत्र उत्पादन करते. ते यंत्र चालविणारा कामगार ज्या पोटातून येतो, त्या पोटाच्या झिजेला हिशेबात रकाना नाही. चाळीस वर्षे मी राष्ट्रीय उत्पन्नाचे कोष्टक फळ्यावर लिहीत आले. हा रकाना कोठे आहे, असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मीही ते कधी विचारले नाही.

येथे कोणी म्हणेल, बाई बाजाराची वकिली करू लागल्या. मुळीच नाही. जो बाजार आईच्या पोटाला आधी 'दोष' ठरवतो आणि मग 'मम्मी मेकओव्हर' नावाचा उतारा हप्त्याहप्त्याने विकतो, त्याच्याशी आपले वैर आहेच. मुलाला जन्म दिल्याची खूण शरीरावर दिसूच नये, हा आग्रह स्त्रीच्या श्रमांची खूण पुसण्याचाच आग्रह आहे. ज्या स्त्रीला दुखत नाही, खुपत नाही, तिच्या मनात केवळ जाहिरातीने लाज पेरली असेल तर ती लाज झुगारून देण्यास आपण तिला बळ दिले पाहिजे. परंतु मागणी जाहिरातीने निर्माण करता येते. कंबरेतील कळ जाहिरातीने निर्माण होत नाही. बाजाराला शिव्या देताना आपण त्या कळीलाही हसतो, तेव्हा आपण बाजाराच्याच बाजूने उभे राहतो. तो म्हणतो पैसे असतील तर ये. आपण म्हणतो पैसे आहेत म्हणून तू ढोंगी. जिच्याकडे पैसे नाहीत ती दोघांच्याही बोलण्यात कोठेच नसते.

तिच्याकडे पाहावयाचे तर बीडकडे पाहू या. नौपाड्यात पोटावर सुरी फिरते ती बाळंतपणाची झीज भरून काढण्यासाठी. बीडमध्ये ती फिरली गर्भाशयच काढून टाकण्यासाठी. ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले की 'खाडा', आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांतील दुखणे, अंगावरून जाणे, या सर्वांवर तोडगा म्हणून तरुण बायकांची गर्भाशये काढली गेली. २०१९ मध्ये याचा बोभाटा झाला आणि विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.३ टक्के आहे. वयोगट नेमके जुळत नाहीत हे मान्य करूनही हा फरक अंगावर काटा आणतो.

या दोन शस्त्रक्रिया एकाच मापाने मोजाव्या असे मी म्हणत नाही. एकीने विचारपूर्वक निर्णय घेतला. दुसरीपुढे निर्णयाच्या नावाने उचलीचा आकडा होता. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: राबणाऱ्या बाईच्या शरीराला थांबण्याची मुभा आहे की नाही? नौपाड्यातील बाईने थांबण्याची किंमत रोख मोजली. बीडच्या बाईने थांबावे लागू नये म्हणून किंमत मोजली.

या दोघींच्या मध्ये तिसरी आहे, आणि ती माझ्याच घरी काम करते. कळव्याहून येते. दोन्ही बाळंतपणे शस्त्रक्रियेची. धाकटा वीस दिवसांचा असताना ती चार घरची धुणीभांडी करू लागली होती. तिच्याही बेंबीपाशी हर्निया आहे, आणि तो वाढत आहे. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया करून घे असे सांगितले आहे. तेथे खर्च फारसा नाही. मी एकदा अधिकारवाणीने विचारले, "मग करून का घेत नाहीस?" ती फरशी पुसता पुसता म्हणाली, "काकू, नंतर महिना-दीड महिना वजन उचलायचं नाही म्हणतात. घरी कोण बसवून खायला घालणार? आणि तुम्ही तोवर दुसरी लावलीत तर?" हर्नियात आतडे अडकले तर जिवावर बेतते हे मला ठाऊक होते, आणि तिलाही. चाळीस वर्षे विषमतेवर व्याख्याने दिलेल्या माझ्यापाशी तिच्या शेवटच्या वाक्याला उत्तर नव्हते.

कायदा काय सांगतो? १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी बाळंतिणीच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्रहिताचा ठरवला, आणि या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे असे बजावले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने कारखान्यांतील स्त्रियांसाठी कायदा केला. त्या लढ्याच्या पुण्याईवर माझ्यासारख्या प्राध्यापिकेला तीन महिन्यांची भरपगारी रजा मिळाली. २०१७ मध्ये ती मुदत २६ आठवड्यांवर गेली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आहे. उत्तम! परंतु दुकाने-कचेऱ्यांच्या बाबतीत अट दहा कामगारांची आहे. माझ्या स्वयंपाकघरात दहा कामगार नाहीत, एकच आहे. ऊसाच्या फडात तर दोन माणसांचाच एक कोयता. पगारी रजेचा हा कायदा त्यांच्या दाराशी येऊन परत फिरतो. उरते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या मुलाला ५,००० रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० देऊ केले होते, ते तेवढ्यावर आले.

आणि घरातले काय? २०२४ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवताना आढळल्या. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. स्त्री-पुरुष समता लोहियांनी सप्तक्रांतीत समाविष्ट केली म्हणून आपण ती भाषणातही समाविष्ट करतो. परंतु सभेला येताना घरची भांडी कोण घासून आला, याचा हिशेब आपल्या कोणत्या शाखेत होतो?

म्हणून मागण्या स्पष्ट मांडते. प्रत्येक महापालिका व जिल्हा रुग्णालयात बाळंतपणानंतर स्नायूंची तपासणी आणि भौतिकोपचार मोफत मिळावेत. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित माणसे लागतात, आणि वेळीच उपचार झाले तर अनेकींची शस्त्रक्रिया टळेल. ज्यांना व्यायामाने गुण येत नाही व त्रास आहे, त्यांच्या दुरुस्तीला 'चैन' न म्हणता उपचार म्हणावे. करातील व विम्यातील अपवादांत बाळंतपणाचा स्पष्ट समावेश व्हावा. घरेलू कामगार आणि ऊसतोड स्त्रियांना बाळंतपणासाठी व शस्त्रक्रियेसाठी भरपगारी रजा मिळावी. तिचा निधी शासन, साखर कारखाने आणि आपल्यासारखी मालक-घरे यांच्याकडून उभा राहावा. २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्याचा पाया त्यासाठी आपल्या राज्यात आहे. त्यावर इमारत चढवण्याचे काम आंदोलनाचे आहे.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. तिला कामाला लावणाऱ्या आम्ही चौघी शेजारणी परवा एकत्र बसलो. सहा आठवड्यांचा पगार द्यावयाचा, तिची जागा राखून ठेवावयाची, आणि त्या काळात आपापली भांडी घरातल्या पुरुषांसह आपणच घासावयाची, असे ठरले. एक शेजारीण म्हणाली, "चांगले पुण्य लागेल." मी म्हटले, पुण्य कसले, ही थकबाकी आहे. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या पंधरवड्यातली मिळाली आहे.

अभ्यासवर्गातील त्या साथीला माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीला येताना त्याने आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला एवढेच विचारून यावे की, तुझ्या बाळंतपणानंतर तू किती दिवस विश्रांती घेतलीस? उत्तर ऐकून त्याला पुन्हा हसू आले, तर महागाईवरील चर्चा आपण तेथूनच पुढे चालू करू.