पिशवी काढण्याआधी तपासणी झालीच पाहिजे!

ऊसतोड कामगार भगिनी, त्यांच्या घरची माणसं, मुकादम, साखर कारखाने आणि लोकप्रतिनिधी यांना जाहीर आवाहन



दसरा झाला की बीड-धाराशिवच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते निघतील. उचल घेतलेली आहे, ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. त्या आधीच्या या दिवसांत गावोगाव एक गोष्ट घडते, आणि ती थांबावी म्हणून हे पत्रक काढत आहोत.

अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळीत रक्त जास्त जातं म्हणून बाई खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. "पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," एवढं ऐकलं की घरचे हादरतात. पैसे मुकादमाकडून उचलले जातात आणि तिशीतल्या बाईची पिशवी निघते. फडात पाळीचा त्रास नको, खाडा पडायला नको, हा हिशोब त्यात असतोच. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली. 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम आला. नियम चांगला आहे, पण कागदावरची परवानगी म्हणजे तपासणी नव्हे.

कॅन्सरची भीती खोटी नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या वर बायांना होतो आणि सुमारे 80 हजार जणींचा जीव घेतो. खोटा आहे तो उपाय. अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. त्यासाठी निरोगी पिशवी काढली तर बाईच्या नशिबी लवकर पाळी जाणं, हाडं ठिसूळ होणं, उभा जन्म कंबरदुखी येऊ शकते.

आणि जिला खरोखरच कॅन्सर आहे, तिचं काय होतं? हे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून नीट वाचा. पिशवीच्या तोंडाला गाठ असताना ती न तपासता साधं ऑपरेशन केलं, तर कॅन्सर आजूबाजूला राहून जातो. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवली नाही तर ते कळतही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त जायला लागतं, तोवर उपचार अवघड होऊन बसलेला असतो. कॅन्सरच्या नावाने केलेलं ऑपरेशनच अशा बाईचा कॅन्सर बरा होण्याची वाट अडवतं. याला आम्ही उपचार म्हणत नाही. हा अपराध आहे.

तपासणी मात्र अगदी साधी आहे. बाईला टेबलावर झोपवून, दिव्याच्या उजेडात पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघायचं. कापसाच्या बोळ्याने त्यावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. कॅन्सर झालेला नसेल, फक्त त्याच्या आधीचा बदल असेल, तर हातात धरायच्या छोट्या यंत्राने तेवढाच भाग मिनिटभरात जाळता येतो. पिशवी जागच्या जागी राहते, बाई त्याच दिवशी घरी जाते. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो; त्याच्या संसर्गापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. एवढ्या वर्षांत एकदाही कुणी बघितलं नाही, हा दोष बाईचा नाही. हा विषाणू लग्नाच्या बाईला नवऱ्याकडूनही येतो, त्यावरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका.

तपासणीने जीव वाचतो हे जगाला कुणी दाखवून दिलं? आपल्याच बायांनी. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या सहभागाने, 30 ते 59 वर्षं वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त महिलांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असा निष्कर्ष 2009 मध्ये जगभर गेला. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायांत दोघींचीही पिशवीच्या तोंडाची तपासणी झालेली नव्हती. ज्या मातीतून पुरावा गेला, तिथल्या लेकीबाळींना त्याचं फळ मिळू नये?

आता उपचाराचं बोलू. गाठ वाढलेली असेल तर आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच आठवडे बाहेरून किरण द्यावे लागतात, सोबत आठवड्याला एक केमोथेरपीची सलाईन, आणि शेवटी आतून किरण, ज्याला ब्रेकीथेरपी म्हणतात. हे सारं आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. मध्येच सोडलं तर बरं होण्याची आशा घटते. महात्मा फुले योजनेत उपचाराचा खर्च भागतो, एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पण बार्शीला किंवा संभाजीनगरला दोन महिने राहायचं कुठे, सोबतच्या माणसाने खायचं काय, आणि कोयत्यातला एक हात गेला तर उचल फेडायची कुणी? बाई उपचार अर्ध्यावर सोडून फडात परतते ती अडाणी म्हणून नव्हे. घरचा हिशोब तिला दुसरी वाट ठेवत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि सरकारकडून तेवढाच वाटा ठरलेला आहे. हा पैसा बायांच्या कोयत्याचा आहे. त्यातून कॅन्सरच्या उपचारावर असलेल्या प्रत्येक बाईची आणि तिच्या सोबत्याची दोन महिन्यांची मजुरी द्या, राहण्या-खाण्याची सोय करा, आणि तेवढ्या काळाचा खाडा व उचलीवरचा तगादा बंद करा. टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गावात तिशीवरच्या बाईची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राने केलीच पाहिजे. ज्या दवाखान्यात पिशवी काढली जाते, तिथे तपासणीचा कागद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बाईच्या हातात आलाच पाहिजे.

बहिणींनो, संबंधानंतर रक्त गेलं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, घाण वासाचं पाणी गेलं तर लाजू नका, आशाताईंना घेऊन सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलं तर आधी विचारा, "पिशवीच्या तोंडाची तपासणी केली का?" उत्तर नाही आलं तर सही करू नका, अंगठा देऊ नका. आणि येत्या ग्रामसभेत हे पत्रक मोठ्याने वाचून या मागण्यांचा ठराव करून घ्या. टोळ्या निघायच्या आत तो तहसीलदारांच्या टेबलावर पोहोचला पाहिजे.