ओसरीवरून : माईंची जन्मतिथि

भाद्रपद उतरणीस लागला कीं करमाडास थोडी उसंत मिळते. कपाशीला बोंडें धरलेलीं असतात, मक्याचीं कणसें भरत आलेलीं असतात, आणि गौरी-गणपति पोंचवून झाल्यामुळें घरांतील पाहुण्यांची वर्दळही ओसरते. अशा निवांत वेळीं ओसरीवर बसलें म्हणजे आमच्या भगिनी एक प्रश्न हटकून काढतात. सासूबाईंचा किंवा आईचा वाढदिवस करावयाचा मनांत आहे, पण जन्मतारीख कोणासच ठाऊक नाहीं. कागदावर आहे ती खरी नव्हे. मग करावें काय?

आमच्या गांवीं या प्रश्नाची उकल करावयाची तर आधीं गांवच्या खुणा ठाऊक असाव्या लागतात. करमाड हें छत्रपति संभाजीनगर ते जालना या हमरस्त्यावरील गांव. निजामाच्या अमदानींत मनमाडहून सिकंदराबादेकडे गेलेला लोहमार्ग सन १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्याच मार्गावर आमचें स्टेशन. पूर्वींची मीटरगेजची लहान गाडी १९९० च्या दशकांत गेली व रुंद मार्गावरील गाड्या धांवूं लागल्या. शेजारीं शेंद्र्यास आतां मोठी औद्योगिक वसाहत आहे. पण जुन्या माणसांस शेंद्रें म्हटलें कीं कारखान्यांआधीं मांगीरबाबाची जत्राच आठवते. घरांतल्या वृद्धा कोणाचाही जन्म सांगतात तो याच खुणांनीं. अमका जत्रेच्या आदल्या रात्रीं झाला, तमकी सांजची गाडी निघून गेल्यावर झाली. ऐकणाऱ्यास हें अडाणीपणाचें वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. खूण खरी असली तर तिच्यावरून दिवस काढतां येतो. कागदावरची खोटी तारीख मात्र कितीही मोजली तरी खोटीच राहते.

आमच्या सोयऱ्यांतील एका आजींचेंच उदाहरण घ्या. घरांत सारे त्यांस माई म्हणतात. माईंच्या वडिलांनीं घरची एक वही ठेवली होती. तींत मुलग्यांचे जन्म घटका-पळांसह नोंदलेले आहेत, नक्षत्र आहे, चरण आहे, कुंडलीचीं घरेंही आंखलेलीं आहेत. कन्येच्या वाट्यास एकच ओळ आली आहे: फसली सन १३५७, अनंताचे दिवशीं कन्या झाली. वेळ नाहीं, नक्षत्र नाहीं, कुंडली तर नाहींच. ती ओळ वाचून आम्हांस त्या वडिलांचा राग आला, हें सांगितलेंच पाहिजे. परंतु ती एक ओळ तरी लिहिली, म्हणून पुढचें सारें साधलें. कित्येक घरांत तेवढेंही नाहीं.

फसली सन आजच्या मुलांस ठाऊक नसतो. निजामाच्या संस्थानांतील सरकारी वर्ष तें. त्याचा आरंभ ऑक्टोबरांत होई. त्यांत ऑक्टोबर ते डिसेंबरसाठीं ५९० व पुढील महिन्यांसाठीं ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. अनंत चतुर्दशी भाद्रपदांतली, म्हणजे ५९१ मिळवावयाचे. उत्तर आलें १९४८. त्या वर्षींची भाद्रपद शुद्ध चतुर्दशी १७ सप्टेंबरची, वार शुक्रवार. १३ तारखेस भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें होतें आणि बरोबर या १७ तारखेस निजामानें शरणागति जाहीर केली. ज्या दिवशीं अवघा मराठवाडा दरवर्षीं मुक्तिदिन म्हणून झेंडा उभारतो, तोच माईंचा जन्मदिवस. आणि शहात्तर वर्षें तो कोणीं साजरा केला नव्हता!

आतां कागदाची कथा ऐका. १९५३ च्या जून महिन्यांत थोरल्या भावाबरोबर माईंसही शाळेंत धाडलें. वय पावणेपांच, पण आईचे हात मोकळे व्हावेत, ही घरची निकड. गुरुजींनीं सहा वर्षें पुरीं दिसावींत म्हणून रजिस्टरांत १ जून १९४७ अशी तारीख मांडली. असे १ जूनचे वाढदिवस महाराष्ट्रांत घरोघर सांपडतात. एका वर्गांतल्या अर्ध्या मुलांचा जन्म शाळा उघडण्याच्या तोंडावरच कसा झाला, असें कोणीं विचारलें नाहीं. माईंनीं पुढें अध्यापिकेची नोकरी केली. सेवानिवृत्तीचें वय ५८. आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून माईंस ३१ मे २००५ रोजीं निरोप मिळाला. खऱ्या जन्मतारखेनें त्या ३० सप्टेंबर २००६ पर्यंत शिकवत्या. सोळा महिन्यांचा पगार गेला. माईंस मात्र पगाराहून त्या वर्षींचा चौथीचा वर्ग अर्धवट सुटल्याचें अधिक वाटतें.

वही हातीं आल्यावर मुलासुनेनें २०२४ सालीं वाढदिवस करावयाचें ठरविलें, आणि एक मौज झाली. तिथि व तारीख यांची भेट सुमारें एकोणीस वर्षांनीं होते, कारण एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. २००५ सालीं अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली होती. ती पुन्हां २०२४ सालीं त्याच तारखेस आली. एरवीं तिथि कीं तारीख, असा वाद घरांत होताच. वहीवाल्यांचा पक्ष तिथीचा व नातवंडांचा तारखेचा. त्या वर्षीं पंचांगानेंच तो मिटविला. पुढच्या वर्षीं, २०२५ सालीं, अनंत ६ सप्टेंबरला आला आणि वाद पुनश्च सुरू झाला. आम्हांस विचाराल तर औक्षण तिथीस करावें व मुलांचा केक तारखेस कापावा. दोन दिवस गोड खाल्ल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. अधिक महिन्यांत जन्मलेल्या मुलांविषयींही विचारणा होते: २०२३ च्या अधिक श्रावणांतील बाळांचा वाढदिवस इतर वर्षीं नेहमींच्या श्रावणांतच त्या तिथीस करावा.

वाढदिवसाचा जुना विधि लहानसाच आहे. मार्कंडेय व सप्तचिरंजीव यांचें स्मरण करून तीळ व गूळ घातलेलें अर्धी ओंजळ दूध प्यावयाचें. त्या दिवशीं नखें-केस कापूं नयेत, प्रवास करूं नये, कलह करूं नये, असे नेम धर्मग्रंथांत सांगितले आहेत. शेवटला नेम पाळण्यास आमच्या घरीं तरी पंचपक्वान्नांहून अधिक तयारी लागते.

माईंच्या पानांत त्या दिवशीं अनंताच्या नैवेद्याचेच चौदा घारगे होते. कृति पुष्कळजणींस येते, परंतु घारगे दडस होतात अशी तक्रार असते, म्हणून देत आहों. लाल भोपळ्याचा दोन वाट्या कीस चमचाभर तुपावर परतून झांकण ठेवून वाफवावा. भोपळ्यास स्वतःचें पाणी सुटतें. वरून थेंबभरही घालूं नये. कीस शिजला कीं एक वाटी चिरलेला गूळ घालून विरघळेपर्यंत ढवळावें व उतरून कोमट होऊं द्यावें. मग चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, थोडी खसखस, दोन चमचे कडकडीत तेलाचें मोहन, दोन चमचे तांदळाची पिठी, आणि त्या ओलाव्यांत मावेल तितकीच कणीक घालावी. ती सुमारें दोन-अडीच वाट्या लागते. गोळा घट्ट मळून अर्धा तास झांकून ठेवावा. केळीच्या पानावर तेलाचें बोट लावून पुरीहून जाडसर थापावे व मंद आंचेवर तळावे. गुळामुळें तीव्र आंचेवर ते बाहेरून काळे होतात व आंत कच्चे राहतात. दडसपणाचें कारण बहुधा हेंच, किंवा हात सैल सोडून जास्त घातलेली कणीक.

ज्या भगिनींस घरांतील वृद्धांचा जन्मदिवस काढावयाचा आहे, त्यांनीं प्रथम सण विचारावा, मग साल. पोळ्याआधीं कीं नंतर? वर पाऊस होता कीं थंडी? पाठचें भावंड किती मोठें होतें? साल निघालें कीं त्या वर्षींचें पंचांग पाहून तारीख मिळते. आतांच्या मुलांची गोष्ट उलट आहे. जन्म-मृत्यु नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. त्यांत झालेल्या सुधारणेनें १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या बाळांस शाळाप्रवेशापासून साऱ्या कामांस जन्मदाखलाच आधार ठरला आहे. त्यांची तारीख चुकणार नाहीं. तिथि मात्र घरांत कोणीं लिहिली तरच राहील, आणि मुलीचीही लिहावी.

माईंचें सहस्रचंद्रदर्शन कधीं करावें, हाही प्रश्न उरला होता. कोणी तें एक्याऐशींव्या वर्षीं करतात. आम्हांस पौर्णिमा मोजणेंच प्रशस्त वाटतें. कागदावरच्या तारखेनें हजार पौर्णिमा मार्च २०२८ मध्येंच पुऱ्या होतात. वहीवरून मोजल्या तर हजारावी येते २६ जून २०२९ ची, ज्येष्ठांतली. त्या दिवशीं खग्रास चंद्रग्रहण आहे, पण तें आपल्याकडे सकाळीं, चंद्र मावळल्यावर असल्यामुळें दिसणार नाहीं. माईंनीं ती तारीख सुनेकडून वहींत त्या एका ओळीखालीं लिहून घेतली आहे, आणि त्या दिवशीं घारगे नकोत, पुरण व येसराची आमटी हवी, असेंही आतांपासून बजावलें आहे.