डीजे हा माणूस आहे

मराठीत ‘डीजे’ हा शब्द आता माणसाचा वाचक राहिलेला नाही. ‘डीजे लावला’, ‘डीजेवर बंदी’, ‘डीजेच्या भिंती’ हे आपले रोजचे शब्दप्रयोग पाहावेत. तबकड्या निवडून वाजवणाऱ्या व्यक्तीसाठी आलेला हा शब्द आपल्याकडे ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या ढिगाचे नाव झाला. अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष हे प्रकार आपण वर्गात उदाहरणांसह शिकवतो. इथे तर कर्ता गळून साधन तेवढे उरले आहे, आणि ते मराठीच्या अध्यापकांच्या ध्यानातही आलेले नाही. किंबहुना ते आपल्या सोयीचेच आहे. माणूसच नाही म्हटल्यावर त्याला कारकीर्द नाही, शैली नाही आणि समीक्षकावर कसली जबाबदारीही नाही.

आवाजाच्या त्रासाबद्दल ठाणेकरांना वेगळे काही सांगायला नको. दहीहंडीला आणि दिवाळीच्या पहाटे तलावपाळी व राम मारुती रस्त्याच्या परिसरात काय होते ते आपण सोसतो. ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सविस्तर निकाल दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा तर २००० सालच्या नियमांतच आहे. ती पाळली गेलीच पाहिजे. याविषयी माझे दुमत नाही. पण डेसिबल मोजणारे यंत्र भजन, ढोलताशा आणि हाउस संगीत यांत भेद करत नाही. तो भेद आपण करतो, आणि कायद्याच्या आडून आपली नावड खपवतो. मिरवणुकीत नाचणारी पोरे कोणत्या वस्तीतली आहेत याचा आपल्या अभिरुचीशी काहीही संबंध नाही, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकू काय?

हा प्रश्न या संगीताच्या जन्मकथेतच आहे. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्या जाहीरपणे स्फोटाने उडवण्यात आल्या. त्या तिरस्काराचा रोख केवळ तालावर नव्हता, तो ताल ज्यांचा होता त्या कृष्णवर्णीय आणि समलिंगी माणसांवरही होता, असे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. त्याच शहरातल्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये फ्रँकी नकल्स यांच्यासारख्या डीजेंनी पुढे जे घडवले, त्याला ‘हाउस’ हे नाव मिळाले.

आणि मुंबईत? चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि तालयंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्याच जातीच्या यंत्रांतून शिकागोचे ‘ॲसिड हाउस’ १९८७ मध्ये तबकडीवर आले. चरणजितांची तबकडी इथे कोणी ऐकली नाही. एका डच संग्राहकाच्या ती हाती लागली, त्याने २०१० मध्ये पुन्हा काढली, आणि मग आपल्याला कळले की असे काही मुंबईत घडले होते. २०१५ मध्ये ते वारले.

२०२४ मध्ये ‘क्रेटेक्स’ या नावाने काम करणारे कृणाल घोरपडे आणि गायक श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाउस गाणे आले. ते काढणारी स्पिनिन रेकॉर्ड्‌स ही कंपनीही डचच! पावती याही वेळी हॉलंडहून आली. घोरपडे आपल्या शैलीला ‘एम-हाउस’, म्हणजे मराठी हाउस, म्हणतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचे आपण सोहळे केले. या गाण्याबाबत मात्र आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटल्या. ‘मराठीचा झेंडा सातासमुद्रापार’ ही एक आणि ‘काय हे शब्द!’ ही दुसरी. दोन्हींत गाणे ऐकण्याचे कष्ट नाहीत.

यात मीही दोषी आहे. गीतपरंपरेवरच्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थ्याने हेच गाणे सुचवले, तेव्हा मी त्याला विषय बदलायला लावला. त्याने मुकाट्याने भावगीत घेतले, आणि प्रकल्पही मुकाच झाला.

वास्तविक शीर्षकापासूनच सुरुवात करता आली असती. लिहिताना ‘तांबडी’ आणि ‘चामडी’ हे दोन्ही शब्द गुरू-लघू-गुरू, म्हणजे र गण, पाच-पाच मात्रांचे. बोलताना मात्र मधला अकार गळतो आणि दोन-दोन वजनदार अक्षरे उरतात. ती चार ठोक्यांच्या चौकटीत आपसूक बसतात. मराठी उच्चाराने एका परदेशी ठेक्याशी परस्पर केलेला हा करार आहे. शिवाय ‘त्वचा’ टाळून ‘चामडी’ का? उन्हातान्हातल्या रंगाचे हे कौतुक आहे की नुसते निरखणे? हे प्रश्न कठोरपणे विचारता येतील, आणि गाणे त्यांत नापासही ठरेल. पण नापास करण्यासाठीही पेपर तपासावा लागतो.

‘दुसऱ्यांची गाणी वाजवणारा कलावंत कसा?’ असे विचारले जाते. कीर्तनकारही अभंग बहुधा दुसऱ्याचाच घेतो. कोणत्या क्षणी कोणता, कुठे थांबायचे, समोरची सभा कुठवर आली आहे, हे जाणणे ही त्याची कला. डीजेचे कौशल्य याच जातीचे आहे, आणि निर्माता झाल्यावर तर तो ध्वनी स्वतः रचतो. राम जोशी आणि होनाजी बाळा आज अभ्यासक्रमात आहेत. पण फडावरची लावणी कैक वर्षे सभ्य घरांत त्याज्यच होती. सादर करणारे गेले की आपण प्रस्तावना लिहायला बसतो.

हे एकदा तरी जिवंत माणसाबाबत करून पाहू. त्या विद्यार्थ्याला मी या सत्रात पुन्हा बोलावणार आहे. विषय त्याचाच राहील. आधी ऐकायला मला बसावे लागेल.