नव्या आगरातील जुना खतखड्डा

बुरोंडी हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव होय. मासेमारीबरोबरच नारळ, आंबा व काजू यांवर येथील अनेक कुटुंबांचा भार असतो. किनाऱ्यावरील अशा गावांतून पुष्कळ जमीनमालक चाकरीनिमित्त मुंबईस राहतात आणि त्यांची आगरे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतात. पुढे असे एखादे आगर खरेदीने, मक्त्याने किंवा वाटणीने नव्या हाती येते. नवा धनी प्रथम कुंपण पाहतो, विहीर पाहतो, झाडे मोजतो. कोपऱ्यात रानमोडीखाली दडलेला जुना खतखड्डा त्याच्या ध्यानात सर्वांत शेवटी येतो; आणि आला तरी त्यास काडी लावावी किंवा तो मातीने बुजवावा, एवढेच त्यास सुचते. वस्तुतः नव्या आगरातील पहिले काम त्या खड्ड्यापासूनच सुरू व्हावयास हवे.

याचे कारण केवळ खताचा लाभ एवढेच नाही. नारळाचा मोठा वैरी जो गेंड्या भुंगा, त्याची पैदास कुजणाऱ्या शेणखतात, पालापाचोळ्यात आणि पडलेल्या माडांच्या सडक्या खोडांत होते. पांढरट, जाडजूड, अर्धवर्तुळाकार वळलेली त्याची अळी खतावर निर्वेध पोसते. पुढे भुंगा बाहेर पडून माडाच्या शेंड्यात शिरतो व कोवळा कोंब पोखरतो. कात्रीने कापल्यासारख्या दिसणाऱ्या झावळ्या ही त्याची खूण होय. त्या जखमेच्या वाटेने सोंड्या भुंग्यासही प्रवेश मिळतो. मोठा माड कदाचित तग धरील. लहान रोपाचा कोंबच नष्ट झाला, तर रोप मरते. ३ जून २०२० रोजीच्या 'निसर्ग' चक्रीवादळाने दापोली तालुक्यात नारळ-पोफळींची फार मोठी हानी केली. त्यानंतर लावलेल्या रोपांना या भुंग्याचे भय विशेष आहे. भुंग्यास कुंपण ठाऊक नसते. एकाच्या खड्ड्यात वाढलेली कीड शेजाऱ्याच्या माडावर जाते. म्हणून उपेक्षित खड्डा ही मालकाची खासगी बाब मानता येणार नाही.

खड्डा पेटवून दिल्याने हा प्रश्न सुटत नाही. वरचा सुका पाला जळतो, खालच्या ओलसर थरातील अळी मात्र जिवंत राहते; आणि जमिनीस मिळावयाचा सेंद्रिय अंश व नत्र धुरावाटे निघून जातात. बुजवून टाकणे म्हणजे तर हाती आलेले खत गमावणे होय. खड्डा उपसणे, हाच खरा मार्ग.

भातकापणी उरकल्यानंतर आणि आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम करावे. वरची रानमोडी आधी काढावी. कोकणात फुरशाचे भय असल्याने खड्ड्यात अनवाणी उतरू नये व उघड्या हाताने पाला उचलू नये. उपसलेल्या मालाचे तीन भाग करावेत. काळसर, भुसभुशीत आणि मातीचा वास येणारे खत चाळून थेट माडांच्या आळ्यांत घालावे. मोठ्या माडास वर्षाकाठी सुमारे ५० किलोग्रॅम शेणखत वा कंपोस्ट देण्याची शिफारस आहे. अर्धवट कुजलेला माल बाजूस ठेवावा. प्लॅस्टिक, काच, औषधांच्या बाटल्या मात्र पूर्णपणे वेगळ्या काढाव्यात. सापडलेल्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात. कोंबड्या त्या आवडीने खातात. उरलेल्या अळ्यांसाठी मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी खतात मिसळण्याची शिफारस केली जाते.

अर्धवट कुजलेला माल पुन्हा त्याच खड्ड्यात लोटणे मात्र इष्ट नव्हे. दापोलीच्या बाजूस पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते आणि विद्राव्य अन्नद्रव्ये वाहून जातात. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी जी कंपोस्टची पद्धत सिद्ध केली आणि जी १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तिच्यातही पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचण्याची योजना होती. कोकणास तर ती अधिकच लागू पडते. उंचवट्यावर सुका पाला, हिरवा पाला, शेणकाला व थोडी माती असे थर रचावेत आणि वर झावळ्यांचे छप्पर करावे. मूठभर माल दाबला असता हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये, एवढाच ओलावा पुरे.

आगरात विटांचे जुने नाडेप टाके असेल, तर ते पाडू नये. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेल्या या १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाक्याचे मर्म त्याच्या भिंतींतील भोकांत आहे. ती माती व मुळ्यांनी बुजली, की टाके निरुपयोगी होते. मोकळी केली, की पुन्हा कामास येते.

मजुरी महाग आहे आणि माणसे मिळत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. परंतु साचलेला खड्डा एकदा उपसला, की पुढे दरवर्षीचे काम थोडक्यात आटोपते. शिवाय एकट्याने उपसून भागणार नाही. वाडीतील सर्व खड्डे एकाच सुमारास उपसले गेले, तरच भुंग्याचा उपद्रव कमी होईल. येथेच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य सुरू होते. नवे खड्डे किती खणले, टाकी किती बांधली, याची नोंद ठेवणे सोपे असते. किती जुने खड्डे रिकामे झाले, ही नोंद त्याहून मोलाची आहे. मालक मुंबईस असेल, तर त्याच्या संमतीने शेजाऱ्यांनी खड्डा उपसावा व खत वाटून घ्यावे, अशी तडजोड कार्यकर्त्याने घडवून आणावी. खत शेजाऱ्याच्या आळ्यात गेले, तरी मालकाचे माड सुरक्षित राहतात. आणि नव्या धन्याच्या हाती आगर येईल, तेव्हा त्यात किडीचे घर नसेल.